पोट पोकळ ठेवा, भट्टी हळू पेटवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिन जवळ आला की तालुक्या-तालुक्यात बायकांसाठी कलेची शिबिरं भरतात. अलीकडे गर्भ गेलेल्या, मूल न झालेल्या बायकांसाठीही माती आणि शिवणाची शिबिरं ठरू लागली आहेत, आणि आपल्या पुरवणीनेही त्यांना जागा दिली. कल्पना चांगली आहे. वेळापत्रक मात्र सगळीकडे सारखंच: सकाळी दीपप्रज्वलन, दुपारपर्यंत मूर्ती, चार वाजता प्रत्येकीचं मनोगत, मग फोटो. एवढ्या वेळात माती वाळत नाही आणि बाईही बोलत नाही. आम्ही कुंभारकाम, गोधडीचं काम आणि गावपातळीवरची आरोग्यसेवा यांतल्या बायका आहोत. आमचं म्हणणं असं की हे महिनाभराचं काम आहे, आणि त्यातली माया भाषणात नसते, माती चाळण्यात असते. का ते पुढे लिहिलं आहे. पत्र लांबलंय, कापायचं झालं तर इतिहास कापा, भट्टीचा मजकूर ठेवा.

आधी दिवस. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन सोंगणी, मग जानेवारीपर्यंत कापूस वेचा, त्यानंतर तूर-हरभरा. वेच्याच्या दिवसांत बाईला मजुरी सोडून या म्हणणं म्हणजे ज्यांच्या घरात दोन पैसे आहेत त्यांनाच बोलावणं. कुंभाराचंही तसंच: पोळ्याला बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, होळी झाली की माठ. दोघांना मोकळीक मिळते ती संक्रांतीपासून होळीपर्यंत, तीही तुकड्या-तुकड्यांत. त्यातच रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची गडबड असते, आणि कोणाला बोलवायचं नाही हे प्रत्येक गावात न सांगता ठरलेलं असतं. शिबिराचा पहिला दिवस त्याच दिवसांत ठेवला आणि आमंत्रणात सवाष्ण, लेकुरवाळी असली कसलीच अट ठेवली नाही, तर निम्मं काम तिथेच होतं. 8 मार्च उशिराचा आहे. उन्हं चढली की माती कोरडी पडते, तडे जातात.

पोट पडून 6 आठवडे झाले नसतील तर त्या बाईला मातीत बसवू नये. अंगावरून जात असतं, रक्त कमी झालेलं असतं, आणि उकिडवं बसून माती मळणं हे ताकदीचं काम आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर 6 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात लिहिलेली आहे. रोजाने निंदायला जाणारीपर्यंत ती कधी पोचली नाही, पण निदान शिबिरवाल्यांनी तरी ती पाळावी. शिवण चालेल, तेही घरी, पलंगावर बसून.

आता माती. कपाशीच्या शेतातली काळी माती आणून लोक मूर्ती करायला बसतात. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून भेगाळते. तळ्याचा गाळ घ्यावा. चार घमेली गाळ, एक घमेलं बारीक रेती आणि अर्धं घमेलं वाळवून चुरलेली गाढवाची लीद. लीद मिळाली नाही तर चाळलेली राख, भंडारा-गोंदियाकडे भाताचा कोंडा. लीद-कोंडा भट्टीत जळून जातो आणि मातीत बारीक वाटा राहतात, त्यांतून वाफ निघून जाते. बारा बायकांना 40 किलो ओली माती पुरते, थोडी उरतेही.

सगळ्यांत जास्त घात करते ती चुनखडी. आपल्याकडच्या गाळात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो आणि मूर्ती बाहेर आली की तो हवेतली ओल ओढून फुगायला लागतो. म्हणजे मूर्ती भट्टीतून धड निघते, बाई ती पदराखाली घरी नेते, कोनाड्यात ठेवते आणि आठवड्याने सकाळी बघते तर पोटावरचं टवकं उडालेलं. तिला वाटतं, हेही माझ्या हातून टिकलं नाही. चुना फुगला हे तिला कोण सांगणार? तोवर शिबिरवाले दुसऱ्या गावाला गेलेले असतात. म्हणून गाळ कोरडा चाळून भागत नाही. तो टाक्यात दोन दिवस भिजवावा, ढवळून पातळ करावा, जुन्या मलमलीतून गाळावा आणि बसलेली माती राखेवर पसरून आटवावी. शंका असेल तर वाळल्या ढेकळावर लिंबू पिळावं. बारीक फेस आला तर चुना आहे, पुन्हा गाळा. हे काम शिबिराच्या दहा दिवस आधी कुंभाराने करायचं असतं आणि त्याची मजुरी द्यायची असते. चहापाण्याला आणि फलकाला पैसे असतात, माती मात्र फुकट हवी असते, हा आमचा नेहमीचा अनुभव.

मूर्ती करताना बहुतेक बायका आधी पोट करतात. भरीव गोळ्याचं पोट करू देऊ नये. बोटाच्या जाडीहून जाड माती आतून ओली राहते आणि भट्टीत त्या ओलीची वाफ होऊन फुटते. आत हवा राहिली म्हणून फुटलं असं म्हणतात, पण दोष हवेचा कमी आणि पाण्याचा जास्त. रीत अशी: लिंबाएवढे दोन गोळे घ्यावेत, अंगठ्याने दाबत-फिरवत दोन वाट्या कराव्यात, जाडी अर्ध्या बोटाची. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवून थोड्या ताठ होऊ द्याव्यात. मग काठ काट्याने खरवडावेत, त्यांना पातळ चिखल लावावा आणि तोंडाला तोंड लावून हलकं फिरवत बसवावं. सांध्यावर मातीची बारीक वळी फिरवून बोटाने चोपावी. शेवटी बेंबीच्या जागी सुईने आरपार भोक पाडावं. भोक विसरलं तर वाळतानाच सांधा उकलतो, कारण माती आकसते आणि आतली हवा आकसत नाही.

तोंडाला तोंड लावलेल्या दोन भांड्यांचा हा आकार महाराष्ट्रात फार जुना आहे. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली घरं सापडली. तिथे तान्ही लेकरं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी, घराच्याच जमिनीखाली पुरत. त्याच गावात एक कच्ची, न भाजलेली मातीची डबी मिळाली. आत बाईची मूर्ती, वर आणखी एक मुंडकं नसलेली बाई आणि सोबत बैल. तीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. लेकरू घराखाली ठेवणारी ती माणसं होती. आता गावातले पुरुष रात्रीच गाठोडं घेऊन जातात, जागा बाईला सांगत नाहीत, पुष्कळदा मुलगा होता की मुलगी हेही नाही. 28 आठवड्यांनंतर मेलेलं मूल जन्मलं तर त्याची मृतजन्म म्हणून नोंद करायची असते, 21 दिवसांत, आणि मुलगा की मुलगी हेही त्या नोंदीत असतं. ग्रामपंचायतीत विचारून बाईला ते कळू शकतं. शिबिरात ही माहिती फळ्यावर लिहू नये. नर्सबाईने ज्या बाईला हवी तिलाच, बाजूला घेऊन सांगावी.

मापाचंही असंच. कोणी विचारते, पाचव्या महिन्यात केवढं असतं? विचारलं तरच सांगायचं: पाच महिने भरले असतील तर डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण 25 सेंटिमीटर, म्हणजे वीत आणि वर एक अंगठा, वजन 300 ग्रॅमच्या आसपास. तिसरा महिना भरताना डोक्यापासून ढुंगणापर्यंत 5 ते 6 सेंटिमीटर. तेवढीच मूर्ती करायची असेल तर कुंभारणीने हेही सांगावं की माती वाळून-भाजून दहावा हिस्सा आकसते; 25 हवं असेल तर 28 चं करा. नाहीतर भट्टीतून लहान निघतं, आणि ते लहानपण तिला दुसऱ्यांदा बघावं लागतं.

वाळवायला घाई नको. पहिले दोन दिवस ओलसर फडक्यात, मग सावलीत आठवडाभर, रोज कूस बदलून. हात-पाय, मान, स्तन हे बारीक भाग आधी वाळतात आणि सांध्यात तुटतात. त्यांच्यावर ओली चिंधी ठेवावी. शेवटचे दोन दिवस ऊन. मूर्ती गालाला लावून बघावी. गार लागली तर आत ओल आहे, अजून भट्टीत जायची नाही.

भट्टीला राखेचा बिछाना, त्यावर गोवऱ्यांचे दोन थर, मूर्ती पालथ्या, मधे-मधे खापऱ्या, भोवती उभ्या गोवऱ्या, वरून तणस आणि त्यावर चिखलाचा हात, धूर जायला चार भोकं ठेवून. अशा पंधरा लहान मूर्तींना शंभर-सव्वाशे गोवऱ्या लागतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, वापरू नये. ती बांधावर फुकट मिळते खरी, पण भडकन पेटते, आणि एकदम आच लागली की मूर्ती उडते. वारा ज्या दिशेला वाहतो त्या टोकाला पेटवावं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. पहिले दोन-तीन तास नुसता धूर निघायला हवा. संध्याकाळी पेटवलेली भट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उकरू नये. गरम मूर्तीला गार वारा लागला की टण् असा आवाज येतो आणि चीर जाते. पाहुण्यांच्या हस्ते भट्टी उघडायचा कार्यक्रम म्हणूनच ठेवू नका. पाहुणे वेळेवर येतात, भट्टी येत नाही. काही मूर्ती काळ्या निघतात. तो अपशकुन नाही, तिथे धूर कोंडला एवढंच. हे आधी सांगितलं पाहिजे, निघाल्यावर सांगितलं तर समजूत घातल्यासारखं वाटतं. तसंच प्रत्येकीने जोडीने दोन मूर्ती कराव्यात आणि एक फुटू शकते हे पहिल्याच दिवशी कळावं.

आणि भाजायची की नाही, हे तिने ठरवायचं. 600 अंशांच्या वर गेलेली माती पुन्हा चिखल होत नाही. कच्ची मूर्ती बादलीभर पाण्यात रात्रीतून विरघळते. काही जणींना ठेवायचं असतं, काही जणींना सोडायचं असतं. प्रदर्शन मांडायचंय म्हणून सगळ्यांच्या मूर्ती भाजणं हा जुलूम आहे.

आपल्याकडच्या कलेत ही दुःखं नव्हतीच असं कोणी भाषणात म्हणतं, तेव्हा वाईट वाटतं. श्रावणात घराघरांत जिवतीचा कागद लागतो. त्यात नरसिंह, कालियावरचा कृष्ण, बुध-बृहस्पती आणि लेकरं खेळवणाऱ्या जरा-जीवंतिका. यातल्या जरेची गोष्ट महाभारतात आहे: बृहद्रथाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं, निर्जीव, ते बाहेर टाकून दिलं, जरा राक्षसिणीने दोन अर्धी उचलून जोडली आणि जरासंध झाला. म्हणजे टाकून दिलेलं मूल दर श्रावणात आपल्याच भिंतीवर असतं, आपण नुसती फुलं वाहून मोकळे होतो. लज्जागौरीचं बघा. तेर, बदामी इथे मिळालेल्या मूर्तींत मुंडक्याच्या जागी कमळ, पाय दुमडून फाकलेले, प्रसूतीची मुद्रा, आणि मूल मात्र नाही. आमच्याकडच्या भुलाबाईच्या गाण्यांत डोहाळे आहेत, बाळंतपण आहे, सासर-माहेर आहे, पोट पडल्याचं गाणं मात्र आमच्या कानावर आलेलं नाही. नवसाचे चांदीचे पाळणेही नवस फळला तरच वाहायचे. फळला नाही तिने काय वाहायचं, याला आपल्या देवळात जागा नाही.

फ्रिडा कालो या मेक्सिकोच्या चित्रकर्तीने 1932 साली डेट्रॉइटच्या इस्पितळात गर्भ गेल्यावर जे चित्र काढलं, ते पत्र्यावर आहे, वहीच्या उघड्या जोडपानाएवढं. तिकडे नवसाची चित्रं पत्र्यावरच काढून देवळात लावतात. तिने तीच रीत उचलली, पण फळलेल्या नवसासाठी नाही. पलंगावर रक्त, हातात लाल फिती आणि फितींना बांधलेल्या सहा वस्तू: गर्भ, गोगलगाय, कटीची हाडं वगैरे. चित्र थोर आहे. म्हणून शिबिराच्या पहिल्या दिवशी ते पडद्यावर मोठं करून दाखवू नका. हे आम्ही प्रशिक्षण घेऊन शिबिर घ्यायला आलेल्या मुलींना मुद्दाम सांगतो. ज्या बाईने तेवढंच रक्त पाहिलंय तिला समोर आरसा नको असतो, हाताला काम हवं असतं.

तिने काय घडवावं हेही सुचवू नये. पुष्कळ जणी मोठे, जड स्तन करतात. ते पाहून मास्तर लोक ओशाळतात, एखादी मावशी पदर लावायला सांगते. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर मूल गेलं तरी दोन-चार दिवसांत दूध उतरतं, प्यायला कोणी नसतं. घरचे छाती आवळून बांधतात, त्याने गाठी होतात आणि दुखणं वाढतं. आधार देणारं कापड, गार पट्ट्या, ताण सोसवेना तर थोडं दाबून काढणं, आणि ताप आला तर दवाखाना, एवढं करायचं असतं. हे पोट पडल्यावर तिला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून ती ते मातीत करते.

शिवणाबद्दल थोडक्यात. पुष्कळ घरांत मूल होईपर्यंत टोपडं शिवत नाहीत, काही आणत नाहीत. त्यामुळे मूल गेलं की त्याचं म्हणून घरात एक चिंधीही नसते. याच कारणाने दुपटं हे या कामातलं सगळ्यांत नेमकं काम आहे. 30 बाय 36 इंच, जुन्या सुती लुगड्याचे चार थर. लुगडं माहेरचं किंवा तिचं स्वतःचं. कोणाचं घ्यायचं हे आपण सुचवू नये, त्यावरून घरात भांडणं होतात. पॉलिस्टर नको, थर सरकतात आणि सुई घसरते. लाल कापडाचा रंग जातो, मिठाच्या पाण्याने भागत नाही. ओलं करून पांढऱ्या फडक्यावर गरम इस्त्रीने दाबून बघावं, डाग पडला तर ते कापड बाजूला. आधी मधोमध उभे-आडवे कच्चे टाके घालून थर बांधावेत आणि धावदोरा मधून काठाकडे न्यावा, नाहीतर मधे झोळ येतो. ओळींत अर्ध्या बोटाचं अंतर. दोरा मेणावरून ओढून घ्यावा. रोज संध्याकाळी तासभर बसलं तर आठ-दहा दिवसांत होतं. एखादी बाई चौथी बाजू शिवतच नाही. तिला पूर्ण कर म्हणू नका.

बसायची सोय गोल करू नये. गोलात प्रत्येकीला दुसरीच्या तोंडाकडे बघावं लागतं. ओळीत, भिंतीकडे किंवा अंगणाकडे तोंड करून बसवलं की हात चालतात, आणि बोलायचं असेल ते शेजारणीशी हळूच बोललं जातं. पोटुशी बाई आणि पोट पडलेली बाई एकाच दिवशी बोलावू नये, दोघींनाही त्रास. मनोगत अजिबात नको.

कला औषध नाही, हे सांगायला आशाताई किंवा नर्सबाई तिथे हवीच. ताप, घाण वास, थांबत नसलेलं रक्त असेल तर माती बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र. झोप-जेवण सुटून दोन आठवडे झाले असतील किंवा जिवाचं बरंवाईट बोलत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, आणि डॉक्टरकडेही न्यायचंच. विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे. पुढचे दिवस जाण्याआधी नवरा-बायको दोघांची तपासणी व्हावी. आणि मूल होत नसेल तर साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, तरी बाईचे बारा उपास आणि चार दवाखाने झाल्यावर या तपासणीचा नंबर लागतो. शिबिराला नवऱ्यांना नाही बोलावलं तरी एवढं लिहिलेली एक चिठ्ठी त्यांच्या हाती पडली पाहिजे.

शेवटी आपल्या वर्तमानपत्राशी संबंधित गोष्ट. चेहरा नको, नुसते हात छापतो, असं बातमीदार म्हणतात. गावात हातावरच्या गोंदणावरून, बांगड्यांवरून बाई लगेच ओळखू येते. फोटो घ्यायचाच तर शिबिर संपल्यावर, मूर्ती किंवा दुपटं पोत्यावर ठेवून, तिने हो म्हटलं असेल तरच घ्यावा. बातमीत तालुका लिहावा, गावाचं नाव लिहू नये. आणि ज्या कुंभाराची भट्टी होती त्याला विचारून त्याचं नाव मात्र जरूर छापावं.

आपल्या,
कुंभारकाम, गोधडीकाम आणि आरोग्यसेवेतल्या काही जणी,
वर्धा जिल्हा